टबात बसू नका

मेरीबरो
८ सप्टेंबर १९९७

मिसेस हार्टविग यांस,

तुमची चिठ्ठी एजंट बॅरी स्नेल काल देऊन गेला. आत ये म्हटलं तर घाईत आहे म्हणाला. एरवी हा माणूस माझ्या हातच्या जॅम लावलेल्या स्कोन-पावांसाठी तास तास खुर्ची सोडत नाही, तेव्हाच ओळखलं की पाकिटात काही गोड नसणार.

ब्याऐंशी हजार डॉलरला घर द्यायचं ठरलं, दोघींनी कागदावर सह्या केल्या. आता तुमचा तो तपासणी करणारा क्रॅट्झमन येऊन गेला आणि तुम्ही म्हणता आठ हजार कमी करा, घराला वाळवी आहे. बाई, या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा तुमचा जन्मही झाला नसेल. तेव्हापासून रोज झाडते आहे. वाळवी असती तर माझ्याशी ओळख झाली असती.

तो क्रॅट्झमन कसा तपासतो ते मी बघितलं आहे. आधी घराखाली शिरला. आमची घरं खांबांवर, त्यामुळे खाली माणूस वाकून फिरू शकतो, पण हा पोटावर सरपटत होता, माझ्या कोंबड्या घाबरून अंडी देईनात. मग वर येऊन गोळा लावलेल्या काठीने प्रत्येक भिंत ठोकली आणि कान लावला. डॉक्टर छाती तपासतो तसं. माझी छाती ठोकलीत तरी पोकळच वाजेल, म्हणून काय मला आठ हजाराने कमी धराल?

स्पष्टच सांगते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. माझी बहीण डॉट समुद्रकाठच्या हर्वी बे गावात राहते, म्हाताऱ्यांच्या वसाहतीत. तिच्या भिंतीला लागून असलेलं घर रिकामं झालं आहे. ऑक्टोबर संपेपर्यंत ते माझ्यासाठी ठेवतो म्हणाले आहेत. डॉटला हल्ली थोडं धुरकट दिसतं, आणि मला हल्ली जिने नको वाटतात. दोघी शेजारी राहिलो तर बरं, मध्ये भिंत असली तर आणखी बरं, कारण एका खोलीत आम्ही दोघी लहानपणीसुद्धा टिकलो नाही. ऐंशीच्या खाली उतरले तर ते घर मला मिळत नाही. एवढंच आहे. लोभ नाही, आणि औदार्यही नाही.

जुलैत तुम्ही घर बघायला आलात, पुढच्या पायऱ्यांवर बसून दोन स्कोन खाल्लेत, तेव्हा मला तुम्ही सरळ वाटला होतात.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही. काय ते लिहून कळवा.

ऊना ट्रेसिडर

॰

लाँगरीच
१३ सप्टेंबर १९९७

मिसेस ट्रेसिडर,

स्कोन तीन खाल्ले होते. तिसरा तुम्ही आत गेल्यावर उचलला.

तुम्हाला राग येणं साहजिक आहे. रिपोर्ट मी आणि माझ्या नवऱ्यानं, ग्लेननं, दोनदा वाचला. बरेचसे शब्द घाबरवण्यासाठीच लिहिलेले वाटतात. पण न्हाणीघराबद्दल जे लिहिलंय ते मला सोडवत नाही, म्हणून ती पानं सोबत पाठवते आहे. टबाखालची मोठी तुळई आतून खाल्ली गेली आहे. वरून रंग दिसतो आणि आत पुठ्ठ्यासारखं झालंय, असं क्रॅट्झमननं फोनवर सांगितलं. ग्लेन सुतारकाम करतो, तो म्हणाला की भरलेल्या टबाचं वजन एखाद्या वासराएवढं होतं, वर माणूस.

भावाचं पुढे बोलू. हे मी भाव पाडायला लिहीत नाही. कृपा करून टबात बसू नका. दुसरीकडे कुठेही अंघोळ करा.

आणखी एक. वाळवी जिथे दिसेल तिथे तिला हात लावू नका असं क्रॅट्झमननं बजावलं आहे. ती शांत राहिली तरच औषध लागू पडतं.

पैशाचं आमचंही सांगते. ग्लेनला तुमच्या गावात खिडक्या-दारं करणाऱ्या कारखान्यात काम मिळालंय. इथे आम्ही दोन मुलींना घेऊन गाडीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅनमध्ये राहतो. बँक कर्ज देते, पण रिपोर्ट बघूनच. आठ हजार मी हौसेने मागितले नाहीत.

जनीन हार्टविग

॰

मेरीबरो
१८ सप्टेंबर १९९७

मिसेस हार्टविग,

पानं मिळाली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे वाचायला दोन दिवस लागले. त्यात अर्धी पानं तर क्रॅट्झमन स्वतःला वाचवण्यासाठीच लिहितो की मी हे बघितलं नाही, ते बघितलं नाही, सोफ्यामागे जाता आलं नाही. सोफा सरकवायला सांगितलं असतं तर मी सरकवला असता.

तरी तुमचं ऐकलं. अंघोळ खाली घराखालच्या धुण्याच्या टाकीपाशी उरकते. एक बादली, एक मग. माझ्या आईने सात पोरं अशीच धुतली. शेजारचा म्हातारा टेलर कुंपणावरून विचारत होता की ऊना, वरती पाणी येत नाही का. त्याला म्हटलं, तू कोंबड्यांकडे बघ.

आता आनंदाची बातमी. तुमच्या वाळवीचा मी निकाल लावला. न्हाणीघरातली खालची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने उचकटली. होती, कबूल करते. तांदूळ सांडावेत तशी. तीन किटल्या उकळतं पाणी ओतलं, वर माशा मारायचा अख्खा फवारा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर एकही नाही. माझी आई असंच करायची, आणि त्यासाठी तिला कुणी रिपोर्टाचे पैसे दिले नाहीत.

तेव्हा वाळवी गेली, आठ हजारही गेले. हात लावू नका म्हणालात, पण घरात चोर शिरला तर मी त्याला बसा म्हणणारी नाही.

बॅरीला ब्याऐंशी सांगते.

ऊना ट्रेसिडर

॰

लाँगरीच
२६ सप्टेंबर १९९७

मिसेस ट्रेसिडर,

तुमचं पत्र वाचून ग्लेन जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.

ती मेली नाही. पळाली. बुधवारी क्रॅट्झमन औषध घालायला तुमच्याकडे आला होता ना, त्याने मला फोन केला. वाळवीला त्रास झाला की ती ती वाट सोडून भिंतीत दुसरीकडे शिरते. आधी त्याला जिवंत वाट सापडली होती, तिथे पूड घातली असती तर वाळवीनेच ती अंगावर घेऊन घरट्यापर्यंत पोचवली असती. आता त्याला ना वाट सापडते, ना घरटं. तो म्हणाला, उकळत्या पाण्याची किटली हा या गावचा जुना रोग आहे, आठवड्याला एक तरी म्हातारी भेटते. माफ करा, शब्द त्याचे आहेत.

औषध लागू पडल्याचा त्याचा कागद मिळाल्याशिवाय बँक एक डॉलर देणार नाही. ग्लेन म्हणतो सौदा सोडून देऊ, दुसरं घर बघू. बॅरीने आमची मुदत तीन आठवड्यांनी वाढवून दिली आहे, तेवढीच.

मला दुसरं घर बघायचं नाहीये. त्या पायऱ्यांवर बसले तेव्हाच मी मनात पडदे लावून मोकळी झाले होते. पण आता भाव काय सांगू हेच मला कळत नाही. आणि ऑक्टोबर संपत आला तर तुमच्या बहिणीशेजारच्या घराचं काय, हे डोक्यातून जात नाही.

तुम्ही टबात बसत नाही हे वाचून बरं वाटलं. तेवढं तरी ऐकत राहा.

जनीन हार्टविग

॰

मेरीबरो
९ ऑक्टोबर १९९७

जनीन,

आता तुला मिसेस हार्टविग म्हणत बसायला वेळ नाही. तू मला ऊना म्हण.

टब गेला.

गेल्या गुरुवारी सकाळी घर आवरायला घेतलं. हिवाळ्याची सगळी ब्लँकेटं काढली आणि धुण्याच्या टाकीत मावेनात म्हणून वर टबात भिजत घातली. तू बसू नको म्हणाली होतीस. ब्लँकेटांचं काही म्हणाली नव्हतीस. पाणी काठोकाठ भरलं, साबण घातला, आणि स्वयंपाकघरात आले ते ब्रेडला लोणी लावायला. लोणी लावून झालं नव्हतं. आधी कण्हल्यासारखा आवाज आला, मग एक मोठा धडाका. जाऊन बघते तर न्हाणीघराला जमीनच नाही. टब सरळ खाली, चारही पायांवर उभा, ब्लँकेटं आतच. बाजूला कोंबड्यांचं पाण्याचं भांडं चपटं झालेलं. कोंबड्या वाचल्या. धुण्याची टाकी पलीकडच्या कोपऱ्यात आहे म्हणून ती वाचली, आणि मी त्या वेळी तिथे असते तरी वाचलेच असते.

पण मी तिथे नसते, जनीन. गुरुवारी सकाळी आठनंतर मी कायम टबात असते. नवरा गेल्यापासूनची सवय आहे. अंग दुखतं म्हणून गरम पाण्यात अर्धा तास पडून राहते, डोळे मिटून. तुझं पत्र आलं नसतं तर मी त्या टबासकट खाली गेले असते, अंगावर सूत नाही अशी, आणि टेलरने कुंपणावरून पाहिलं असतं. मरणाचं मला फारसं वाटत नाही. टेलरचं वाटतं.

विनोद पुरे. मी खुर्चीवर बसून राहिले, चहा गार झाला तरी. भावाचा विचार बाजूला ठेवून तू लिहिलंस, आणि मी तुला लबाड समजत होते. आभार मानायची मला सवय नाही, नवऱ्याचेही कधी मानले नाहीत, म्हणून हे जसं जमतंय तसं घे. तुझ्यामुळे मी जिवंत आहे.

पुढचं ऐक. क्रॅट्झमनला बोलावलं. त्याने खालून टॉर्च मारला आणि हसायलाच लागला. टब जाताना भिंतीचं लाकूडही उचकटून गेलं आणि आत घरटं, दुधी भोपळ्याएवढं, उघडं पडलंय. माझ्या किटलीने जे पळवलं होतं ते सगळं तिथेच जाऊन बसलं होतं. त्याने हलक्या हाताने पूड घातली आणि मला बोट दाखवून म्हणाला, मिसेस ट्रेसिडर, किटली कपाटात. मी म्हटलं, तू खाली सरपटतोस ते चांगलं दिसत नाही, पण काम येतं तुला. स्कोन दिले त्याला. चार खाल्ले.

मात्र सगळी मेली की नाही हे बघायला तो महिन्याने परत येणार. त्यानंतर कागद.

बॅरीला सांगितलं आहे, तू मागितलेस ते आठ हजार कमी. चौऱ्याहत्तर.

ऊना

॰

लाँगरीच
१४ ऑक्टोबर १९९७

ऊना,

तुमचं पत्र मी मुलींना मोठ्याने वाचून दाखवलं आणि टबाच्या जागी आल्यावर मला पुढे वाचता येईना. धाकटी विचारत होती, कोंबड्या खरंच वाचल्या ना. वाचल्या म्हटलं.

माझे कसले आभार. मी पत्र लिहिलं एवढंच. तुम्ही ते मानलंत, हेच विशेष. माझ्या आईने मानलं नसतं.

आता भावाचं. बँक थांबायला तयार आहे. ग्लेननं तुमचं पत्र वाचलं, बाहेर गेला, सिगारेट ओढून आला आणि म्हणाला की न्हाणीघराची जमीन मी स्वतः घालीन, लाकूड माझ्या कारखान्यातून पडेल भावात मिळेल. म्हणजे मजुरीचे पैसे वाचले. आम्हाला आठ नकोत. पाच पुरेत. सत्त्याहत्तर करू.

आणि ऑक्टोबर संपला तर काय? क्रॅट्झमनचा कागद नोव्हेंबरात येणार. वसाहतवाल्यांना थोडं थांबायला सांगा ना. हवं तर मी त्यांना फोन करते. सत्त्याहत्तर तुमच्या ऐंशीपेक्षा कमीच आहेत हे मला माहीत आहे. आणखी वर कसं जाता येईल ते बघते आहे. ग्लेनचा भाऊ थोडे देऊ शकेल असं वाटतं.

जनीन

॰

मेरीबरो
२० ऑक्टोबर १९९७

जनीन,

ग्लेनच्या भावाला त्रास देऊ नकोस.

वसाहतीतून निरोप आला. ते घर एका निवृत्त बँकवाल्याला दिलं, त्याच्याकडे एक छोटं कुत्रं आहे. महिनाभर थांबता आलं नाही त्यांना. त्यांचीही रांग आहे, त्यांना बोलून उपयोग नाही. डॉटने फोन केला होता, मला अर्धंच ऐकू आलं. ती रडत होती की कुत्र्याच्या नावाने ओरडत होती हे कळलं नाही.

म्हणजे ऐंशीची गरज संपली. तेव्हा चौऱ्याहत्तर. वाद घालू नकोस. बॅरी कपाळाला हात लावून बसला आहे. त्याच्या सगळ्या आयुष्यात, म्हणतो, विकणारी खाली खेचते आणि घेणारी वर ढकलते असा सौदा त्याने पाहिला नाही. मी म्हटलं, मग आज बघून घे, फुकट आहे.

मी कुठे जाणार ते विचारू नकोस. काहीतरी होईल. नात म्हणते ब्रिस्बेनला चल, पण तिच्या फ्लॅटमध्ये खिडकी उघडत नाही. सध्या डॉटकडे जाऊन पडते. तिचं घर म्हणजे एक खोली आणि एक काचेची ओसरी, तिथे घडीच्या पलंगावर झोपेन. आठवड्याभरात कोण कुणाचा गळा धरते ते कळवीन.

क्रॅट्झमन म्हणतो घरटं मेलंय असं दिसतंय. कागद पुढच्या महिन्यात. तुमचं सामान तयार ठेवा.

ऊना

॰

मेरीबरो
३० नोव्हेंबर १९९७

ऊना,

तुमच्या घरातून तुम्हाला लिहिताना विचित्र वाटतंय.

शुक्रवारी किल्ल्या मिळाल्या. तुम्ही स्वयंपाकघरात स्कोनचा डबा ठेवून गेलात, त्यावर 'मोजले आहेत' अशी चिठ्ठी. मुली हसून लोळल्या. ग्लेननं न्हाणीघराच्या तुळया बदलल्या, उद्या जमीन घालतो. थोरलीने काल टेलरना विचारलं की तुम्ही कुंपणावरून काय बघता. त्यांनी तिला टोमॅटोची टोपली दिली.

घर मिळालं. मुलींना प्रत्येकी खोली मिळाली. हे सगळं चांगलं आहे, आणि तरी मला झोप नीट येत नाही. तुम्हाला जी एकच गोष्ट हवी होती ती आमच्यापायी गेली. आम्ही तपासणी केली, ती केली म्हणून उशीर झाला, उशीर झाला म्हणून ते घर कुत्र्याला मिळालं. वर तुम्ही चौऱ्याहत्तरवरच सही केलीत. ग्लेन म्हणतो, म्हातारी आपल्याला जन्मभर ऋणात ठेवून गेली. तो थट्टेत म्हणतो. मी नाही म्हणत.

ओसरीतल्या घडीच्या पलंगावर तुमची पाठ कशी आहे? वसाहतीत दुसरं एखादं घर रिकामं होईल का? खरं सांगा.

जनीन

॰

हर्वी बे
९ डिसेंबर १९९७

जनीन,

झोप. मी सांगते म्हणून झोप.

पाठ वाईट आहे. पलंग त्याहून वाईट. डॉट रेडिओ पहाटे लावते, लोण्यात जॅमचा चमचा बुडवते, आणि ऐन डिसेंबरच्या उन्हाळ्यात, उकाड्याने जीव जात असताना खिडकी बंद करते, म्हणते वारा लागतो. पहिल्या आठवड्यात आम्ही दोनदा बोलणं टाकलं. एका खोलीत बोलणं टाकायचं म्हणजे काय सर्कस असते, तुला कल्पना नाही.

पण खरं सांगा म्हणालीस, तर सांगते.

आल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी डॉट चहा ओतत होती. मी पलंगावरून बघत होते, तिला वाटलं मी झोपले आहे. तिने कपात बोट घातलं आणि चहा ओतत राहिली, बोटाला चटका बसेपर्यंत. म्हणजे कप भरला हे कळायला. बोटं बघितली तिची. टोकं भाजून सुरकुतलेली, जुने डाग, नवे डाग. 'थोडं धुरकट दिसतं' असं ती मला वर्षभर फोनवर सांगत होती. धुरकट कसलं. तिला उजवीकडचं काहीच दिसत नाही, डावीकडचं थोडं, तेही ऊन असेल तर.

मग मी गोळ्यांच्या बाटल्या काढल्या. हृदयाच्या वेगळ्या, झोपेच्या वेगळ्या, आकार सारखा. ती हाताने चाचपून घेत होती. डॉक्टरकडे नेलं. त्याने गोळ्या मोजल्या. मग म्हणाला, आणखी काही महिने असं चाललं असतं तर एका सकाळी ती उठली नसती.

आता विचार कर. ते शेजारचं घर मिळालं असतं तर काय झालं असतं? मी दहाला तिच्याकडे चहाला गेले असते. तिने आधीच कप भरून ठेवले असते, केस विंचरून, हसत. मी अर्धा तास बसून भांडून माझ्या घरी आले असते आणि म्हटलं असतं, डॉट ठीक आहे. तिने मला तसंच फसवलं असतं जसं फोनवर फसवलं. शाळेत ती माझ्यापेक्षा हुशार होतीच. मधली भिंत मी स्वतः मागितली होती, जनीन. ती मिळाली नाही म्हणून माझी बहीण अजून आहे.

तेव्हा तुझ्या क्रॅट्झमनचे, त्याच्या काठीचे, तुझ्या बँकेचे आणि त्या बँकवाल्याच्या कुत्र्याचेही मी आभार मानते. कुत्र्याला काल सॉसेजचा तुकडा दिला. तो आता आमच्याच दारात बसतो, म्हणजे आभार मानणं अंगाशी आलंच.

आता बाटल्यांवरची नावं मी वाचते. बोट ठेवून, एकेक अक्षर. चौथी पास बाई औषधांची नावं वाचणार आणि आठवी पास बाई पलंगावरून चुका काढणार. काल म्हणाली, ऊना, तो शब्द असा नाही म्हणत. मी म्हटलं, मग तू वाच. मग गोळी मुकाट्याने घेतली.

दुसरं घर रिकामं झालं तर घेणार नाही. वसाहतवाल्यांना सांगून टाकलं. उरलेल्या पैशातून बरा पलंग घेते आणि काचेच्या ओसरीला पडदा. पंखाही घ्यायचा आहे, डॉट नको म्हणते, पण तो कुठे लावला हे तिला लगेच सापडणार नाही.

ग्लेनला सांग, ऋण वगैरे काही नाही. त्याने न्हाणीघराची जमीन नीट घातली की फिटलं. मुलींना घेऊन नाताळनंतर या. कॅरॅव्हॅनमधल्या पोरी आहेत, आमच्या एका खोलीत मावतील.

डॉट विचारते आहे की एवढं काय लिहितेस, माझं नाव घातलंस का. मी म्हटलं, तुला कुठे दिसतंय मी काय लिहिलंय ते. मला वाटलं आता चिडेल. हसली. इतकी हसली की खोकला आला, पाणी द्यावं लागलं.

चहा मी ओतते आहे.

ऊना ट्रेसिडर